सेवेलाही शिक्षण हवे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात अफजलपूर येथे केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी आपल्या देणगीदारांचा गौरव झाला, तो यथायोग्यच आहे. मला मात्र एक चूक सांगावयाची आहे. ती माझीच असल्यामुळे सांगण्यास संकोच नाही.

2020 च्या ऑक्टोबरात भीमेला महापूर आला व आपल्या तालुक्यातील नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. आपण धान्य आणि पांघरुणे जमविली. वाटपाची यादी करण्याचे काम मजकडे आले. गावोगावच्या चार प्रतिष्ठित माणसांना विचारून मी ती एका रात्रीत केली. दुसऱ्या दिवशी रांग लागली, वाटप झाले, छायाचित्रेही निघाली. आठवड्याने एका शेतमजूर बाईने कन्नडमध्ये मला विचारले, "अण्णा, घर आमचं पडलं. मग यादीत आमचं नाव का नव्हतं?" घर पडल्यावर ती मुलांना घेऊन दुसऱ्या गावी भावाकडे गेली होती. ज्यांची घरे उभी होती ते रांगेत होते. जिचे पडले ती गावातच नव्हती! माझ्या मनात दया होती, हेतूही शुद्ध होता. पण कोणाला विचारावे, कोठे शोधावे, हे मला ठाऊक नव्हते.

हे शिकविता येते काय? येते. मुंबईस 1932 साली सर दोराबजी टाटा ट्रस्ट स्थापन झाला. त्या ट्रस्टने 1936 साली समाजकार्याचे विद्यालय काढले. नागपाड्याच्या श्रमिक वस्तीत सेवाकेंद्र चालविणारे डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे पहिले संचालक. पहिली तुकडी अवघ्या 20 विद्यार्थ्यांची. फाळणीनंतर याच विद्यालयाचे विद्यार्थी कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीत कामाला गेले. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. धर्मादाय पैसा केवळ वाटून न टाकता माणसे घडविण्यात घातला, तर काय उभे राहते याचा हा दाखला आहे. पुढे 1963 साली पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था निघाली.

इतक्या दूरचे कशाला? अक्कलकोट, सोलापूर ओलांडून आपण तुळजापूरला आईच्या दर्शनाला जातो. त्याच तुळजापुरात टाटा संस्थेचे ग्रामीण केंद्र आहे. तेथे ग्रामविकासाचे व समाजकार्याचे शिक्षण मिळते.

या शिक्षणात पुस्तके आहेत, पण खरी शाळा वस्तीत भरते. विद्यार्थी नेमाने वस्तीत जातो, घरोघर बसतो, ऐकतो. काय पाहिले, आपण काय बोललो, कोठे चुकलो, हे तो लिहून काढतो. मार्गदर्शक ती वही वाचून त्याला प्रश्न विचारतात. एका कुटुंबाची अडचण, एका गटाचे काम, सबंध वस्तीचे संघटन, असे तिन्ही अंगांनी त्याला तयार करतात. कोणाचे दुःख चव्हाट्यावर मांडू नये, आणि माणसाला आपल्यावर अवलंबून ठेवू नये, हेही शिकवितात. आपल्या गाणगापुरी मनोरुग्णांना बाधा झाली म्हणून घेऊन येणारी कुटुंबे आपण पाहतो. त्यांना आपण अन्न देतो. पण देवावरची त्यांची श्रद्धा न दुखविता डॉक्टरांपर्यंत त्यांना नेणारा माणूस आपणांपाशी कोठे आहे?

म्हणून माझी तीन मागण्यांची झोळी आपणांपुढे पसरतो. महोत्सवनिधीतून सभागृह अवश्य बांधा; पण त्यातील काही भाग दरवर्षी एका मुलीच्या वा मुलाच्या समाजकार्य-शिक्षणासाठी राखून ठेवा. घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणारी आपली मुले या कामाला फार उपयोगी पडतील. दुसरे, अशा विद्यालयांतील विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी येथे बोलवा, आणि त्यांनी आपले दोष दाखविले तर रागावू नका. तिसरे, शिकून आलेल्याला पगार द्या. विहीर बांधणाऱ्या गवंड्याला आपण मजुरी देतो. समाजसेवकाने मात्र हारतुऱ्यांवर जगावे असे म्हणतो!

काही वडीलधारे विचारतील, "शिकलेला परत येईल काय?" सगळे येणार नाहीत. पण एक आला, तरी पुढच्या पुराच्या वेळी यादी रात्रीत होणार नाही. भीमाकाठची घरे, त्यांतील माणसे, त्यांचे सोयरे, हे सारे आधीच कोणाला तरी ठाऊक असेल.

त्या माउलीला मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. ते उत्तर आपण सर्वांनी मिळून द्यावे, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.