रेतीखालचे तळघर



इटली देशात रोम शहर आहे. तिथे कोलोसियम नावाचा जुना, दगडी, लंबगोल आखाडा आहे. तो इ. स. ८० मध्ये खुला झाला. भोवती पायऱ्या. त्यांवर सुमारे ५० हजार माणसे बसत. माणसांची झुंज बघत. सिंह, अस्वले माणसांवर सोडीत, तेही बघत. रक्त सांडे आणि लोक ओरडून दाद देत!

आखाड्यात रेती पसरलेली असे. पण रेतीखाली भुई नव्हती बरं का. लाकडी फळ्या होत्या, आणि फळ्यांखाली दोन मजली तळघर होते. ते डोमिशियन बादशहाच्या वेळी बांधले. खोली सुमारे २० फूट. आत अरुंद बोळ, अंधार, जनावरांचे पिंजरे.

जनावर वर कसे नेत? तळाशी एक उभा खांब. त्याला आडवे दांडे. माणसे दांडे ढकलीत गोल फिरत. तेलाच्या घाण्याला बैल फिरतो ना, तशी. दोर खांबाला गुंडाळे, आणि पिंजऱ्याचा पाळणा वर चढे. फळ्यांतले दार उघडे. रेतीतून एकदम सिंह बाहेर! वरचे लोक थक्क होत.

दांडे ढकलणारे गुलाम होते. त्यांना वरचा खेळ दिसत नसे. गलका तेवढा ऐकू येई. आम्ही उभी नोकरी शाळेत इतिहास शिकवला. बादशहांची नावे मुलांकडून घोकून घेतली. या माणसांविषयी मात्र एक शब्द सांगितला नाही. त्यांची नावे कुठे लिहिलेलीच नाहीत, हे खरे. पण ती होती, एवढे तरी सांगायचे होते.

तिथले जनावरांचे खेळ इ. स. ५२३ नंतर झाले नाहीत. तळघर मातीने बुजले. ती माती १९३० नंतरच्या दहा वर्षांत पुरी उपसली. तेव्हा भिंतींतल्या उभ्या खाचा दिसल्या. पाळणा त्यांतून सरकत असे. खांब जिथे फिरे तिथे काशाच्या बैठकाही सापडल्या. त्यावरून अलीकडे तसाच लाकडी पाळणा करून पाहिला. आत एक लांडगा ठेवला. माणसांनी दांडे ढकलले आणि लांडगा सुखरूप वर आला.

२०२१ पासून दुरुस्त केलेल्या तळघरात लोकांना उतरता येते. फळ्या बऱ्याचशा गेल्या आहेत. आता त्या बोळांतून वर पाहिले की आभाळ दिसते.