औषधांची हजेरी

मी वैद्य नव्हे, शाळामास्तर आहे. कोणती गोळी घ्यावी आणि कोणती टाकावी, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. वृद्ध माणसाच्या उशाशी गोळ्यांची संख्या कशी वाढत जाते, आणि ती वाढत असताना घरच्या शिकल्यासवरल्या माणसांनाही त्याचा कसा पत्ता लागत नाही, एवढेच माझ्या घरच्या अनुभवावरून आज सांगावयाचे आहे.

माझी आई ७९ वर्षांची. आम्ही बेळगावचे. रक्तदाबासाठी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तिला अ‍ॅम्लोडिपिन नावाची गोळी पुष्कळ वर्षांपूर्वी सुरू केली होती, आणि ती तिला मानवलीही होती. गेल्या वर्षी छातीत धडधडते म्हणून तिला एका मोठ्या इस्पितळात ठेवावे लागले. घरी परतताना तेथे एक नवी गोळी लिहून मिळाली. नाव निराळे, वेष्टन निराळे. त्या एकाच गोळीत अ‍ॅटेनोलॉल होते आणि जोडीला अ‍ॅम्लोडिपिनही होते. पण वेष्टनावरचे ते बारीक इंग्रजी अक्षर वाचण्याची बुद्धी मला झाली नाही. मुलांच्या वह्यांतील ऱ्हस्वदीर्घ तपासण्यात ज्याचा जन्म गेला, त्याची ही गोष्ट! जुनी गोळी बंद करा असे कोणी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही, आणि आई दोन्ही गोळ्या नेमाने घेत राहिली.

काही आठवड्यांत तिचे घोटे सुजले. पाय सुजणे हा अ‍ॅम्लोडिपिनचाच परिचित परिणाम आहे आणि मात्रा वाढली की तो बळावतो, हे मला पुढे कळले. त्या वेळी आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सूज पाहून लघवी होण्याची गोळी दिली. मग रात्रीतून चारचारदा उठणे आले, आणि उठताना चक्कर येऊ लागली. चक्करेसाठी तिसऱ्या ठिकाणाहून सिनॅरिझिन आले. ते दीर्घकाळ घेतल्याने म्हाताऱ्या माणसांचे हात कापू लागतात. आईच्या हातातली कपबशी वाजू लागली तेव्हा आम्ही म्हणालो, "वय झाले!" अखेर एके दिवशी पहाटे मिस्साला जाताना चर्चच्या पायरीवर ती पडली. हाड मोडले नाही, ही देवाची कृपा.

या प्रकाराला शास्त्रात नाव आहे. पॉला रोशॉन आणि जेरी गुर्विट्झ या डॉक्टरद्वयाने १९९७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्याचे विवेचन केले: औषधाचा दुष्परिणाम हाच नवा आजार समजला जातो, त्यावर दुसरे औषध येते, आणि दुसऱ्यापायी तिसरे. यात कोणीही डॉक्टर मूर्ख नसतो. प्रत्येकाला साखळीतील एकच कडी दिसते. सगळी साखळी फक्त घरच्या फळीवर असते.

आमची साखळी सोडविली ती घराजवळच्या दवाखान्यातील एका तरुण डॉक्टरीणबाईंनी. त्या म्हणाल्या, "आजींची घरात असतील नसतील ती सगळी औषधे पिशवीत घालून आणा. चूर्णे, काढे, मलमेसुद्धा." मी पिशवी टेबलावर ओतली. अकरा पाकिटे निघाली, शिवाय खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचे चूर्ण. ज्येष्ठमध रोज भरपूर खाल्ल्यास रक्तदाब चढतो, हे किती घरांत ठाऊक असेल?

बाईंनी समजावून सांगितले ते असे. वयाबरोबर मूत्रपिंडाची गाळण्याची शक्ती उतरते, आणि पूर्वीचीच मात्रा अंगात अधिक काळ रेंगाळते. वृद्धांचे मांस झडलेले असल्यामुळे रक्ततपासणीतला क्रिएटिनिनचा आकडा कधीकधी बरा दिसतो आणि फसवतो. गुडघेदुखीसाठी परस्पर आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी रक्तदाबाच्या काही गोळ्या व लघवीची गोळी यांच्याबरोबर पडली, तर मूत्रपिंडावर घाला येतो. ग्लिबेनक्लमाइडसारखी मधुमेहाची गोळी घेऊन कोणी उपास केला, मग तो एकादशीचा असो की गुड फ्रायडेचा, तर साखर एकाएकी उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो.

हे ऐकून मला सगळाच ढीग कचऱ्यात टाकावासा वाटला. बाईंनी हात धरला. अ‍ॅटेनोलॉल एकदम तोडले तर हृदयावर उलटते. गोळ्या कमी करणे हेदेखील औषध देण्याइतकेच जोखमीचे काम आहे आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. त्यांनी आधी दुहेरी पडणारे अ‍ॅम्लोडिपिन थांबविले. सूज उतरल्यावर लघवीची गोळी गेली, मग चक्करेची. प्रत्येक पायरीला पंधरा दिवस, आणि मध्ये रक्तदाब मोजणे. हाताचा कंप जावयास मात्र महिने लागले.

मी आता शाळेच्या हजेरीपटासारखी एक वही केली आहे. औषधाचे खरे नाव (दुकानाचे नाव नव्हे), कशासाठी, कोणी दिले, केव्हापासून, दिवसातून कितीदा. सर्व मराठीत, ठळक अक्षरात, म्हणजे आईला स्वतःला वाचता येते. कोणत्याही डॉक्टरांकडे गेलो की वही आधी पुढे करतो. जेनेरिक औषध स्वस्त मिळते म्हणून दुकान बदलले, तर नव्या नावापुढे जुने नाव लिहून ते तांबड्या शाईने खोडतो; नाहीतर तीच चूक पुन्हा व्हावयाची.

अकरांवरून आम्ही पाचांवर आलो आहोत. झोपेची गोळी तेवढी राहिली आहे. ती हळूहळू कमी करावयाची असे डॉक्टरीणबाईंनी ठरविले आहे, पण आईचे म्हणणे, "तुझ्या वर्गातली पोरे झोपतात ना बिनगोळीची? त्यांना विचार कसे ते!" सध्या अर्ध्या गोळीवर तडजोड झाली आहे.