हरवले-सापडले



कोकणी मुसलमानांच्या लग्नघरात बायका गाणी म्हणतात. माझी आईही म्हणायची. ती हयात असताना तिच्या आणि तिच्या मैत्रिणींच्या तोंडून मी ४३ गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. ती नेरुळच्या आमच्या घरातल्या एका जुन्या संगणकात होती, आणि फक्त तिथेच होती. चूक माझीच. गेल्या पावसाळ्यात एका रात्री तीन-चारदा वीज गेली-आली. सकाळी संगणक सुरू झाला, पण गाण्यांचा कप्पा काही उघडेना.

हा संगणक माझ्या भाच्याने लावून दिलेला. त्यात लिनक्स ही प्रणाली आहे. फिनलंडमधल्या लिनस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ती सुरू केली. कोणालाही ती विनामूल्य वापरता येते. भाच्याने माझ्या गाण्यांसाठी तिच्यात एक 'कंटेनर' केला होता. कंटेनर म्हणजे काय? सिडकोच्या इमारतीत पाया एक, पाण्याची टाकी एक, पण प्रत्येक बिऱ्हाडाचे दार वेगळे. कंटेनर हे तसे एक बिऱ्हाड. आमच्या कंटेनरमधले सारे सामान एकाच मोठ्या फायलीत, जणू एका ट्रंकेत भरलेले होते. तिला 'डिस्क इमेज' म्हणतात. ट्रंक बिघडली की आतले सगळेच अडकते.

मी घाईने दुरुस्तीची आज्ञा देणार होतो. फोनवर भाचा जवळजवळ ओरडलाच, "मामू, हात लावू नका! आधी बंद करा."

संध्याकाळी तो आला. त्याने पहिल्यांदा मूळ डिस्कची नक्कल घ्यायला सुरुवात केली. डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडणारा भाग मागे ठेवतो आणि मग पुन्हा पुन्हा तिकडे वळतो. कुठवर आलो याची नोंदही ठेवतो. रात्रभर हे काम चालले. काही जागा वाचल्याच गेल्या नाहीत. नक्कलेत त्या कोऱ्या राहिल्या. दुरुस्ती करायची ती या नक्कलेवर. दुरुस्ती चुकली तर मूळ तरी शाबूत राहते.

लिनक्समध्ये फायलींच्या व्यवस्थेची मुख्य नोंद 'सुपरब्लॉक'मध्ये असते. आमची तीच कोरी झाली होती. परंतु तिच्या नकला डिस्क इमेजमध्ये इतरत्रही ठेवलेल्या असतात, जसा तलाठ्याकडचा कागद गहाळ झाला तर तहसील कचेरीत नक्कल मिळावी. पहिली नक्कल सर्वसाधारणपणे ३२,७६८ क्रमांकाच्या ठोकळ्यात सापडते. भाच्याने ती वापरली. शिवाय 'जर्नल' असते, म्हणजे आपली रोजकीर्दच. बदल करण्याआधी त्याची नोंद तिथे होते, त्यामुळे वीज गेली तर अर्धवट व्यवहार पुरा करता येतो किंवा सोडून देता येतो.

अखेर कप्पा उघडला. भाच्याने तो फक्त वाचण्यापुरता उघडला, लिहिण्यासाठी नाही. ३२ गाणी जागच्या जागी होती. आणखी ९ 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या कप्प्यात पडली होती. रेल्वे स्टेशनावर 'हरवले-सापडले'ची खिडकी असते ना, तसा हा कप्पा. ज्या फायलींचा पत्ता पुसला गेला, त्या इथे येतात. नाव जाते, नुसता आकडा उरतो. दोन गाणी मात्र कायमची गेली.

ती ९ गाणी कोणाची, हे कोणताही प्रोग्राम सांगू शकला नसता. आवाज मलाही नीट ओळखता येईनात. मग भाच्याने पनवेलहून आपल्या आईला, म्हणजे माझ्या आपाला आणले. आपा डोळे मिटून ऐकत होती. "ही नूरखाला. ही आपली आई, पण त्या दिवशी तिला खोकला होता." एक गाणे मध्येच तुटले, पुढे नुसती खरखर. आपाने पुढच्या ओळी स्वतः म्हटल्या. भाच्याने काही न बोलता मोबाइल पुढे धरला आणि त्या टिपून घेतल्या.

आता गाणी तीन ठिकाणी आहेत. नेरुळला, पनवेलला आणि भाच्याकडे. प्रत्येक फायलीला नाव आहे, आणि कोण गाते आहे ते वहीतही लिहिले आहे.

श्रोतेहो, तुमच्याकडेही कोणाचा तरी आवाज असेल. आज त्याची एक नक्कल करा. आणि तो आवाज ओळखणारे माणूस घरात आहे, तोवर त्यावर नाव लिहून ठेवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)