ॲपेक्स सील निवडताना

रोटरी इंजिन नव्यानं बांधायला काढलं की पहिला वाद होतो तो ॲपेक्स सीलवरून. कारखान्याचं सील घ्यायचं, बाहेरचं पोलादी, की सिरॅमिक?

या इंजिनात वरखाली होणारं काहीच नसतं. मधे किंचित दबलेल्या लंबगोल हाउसिंगमध्ये तीन कोपऱ्यांचा रोटर फिरतो. प्रत्येक कोपऱ्यावर एक खाच आणि त्या खाचेत एक पातळ पट्टी, तेच ॲपेक्स सील. पिस्टनच्या रिंगांचं काम इथं ते करतं. पण त्याचं गोल टोक हाउसिंगला जेमतेम एका रेषेवर टेकतं आणि टेकण्याचा कोन क्षणोक्षणी बदलत असतो. खाली स्प्रिंगा असतात, त्यांचा उपयोग मुख्यतः इंजिन सुरू होताना. पुढे कप्प्यातला वायूच खाचेत शिरून सीलला खालून रेटतो.

हे साधायला किती कष्ट पडले! १९६१ साली हिरोशिमाच्या तोयो कोग्योनं, म्हणजे आजच्या माझदानं, जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी या इंजिनासाठी करार केला. हाउसिंगच्या आतल्या गुळगुळीत क्रोमवर थोड्याच तासांत आडवे ओरखडे उमटायचे. तोयो कोग्योचे इंजिनिअर त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. त्यांच्यातले केनिची यामामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं, की सील धावता धावता थरथरतं. त्याला आडवी-उभी भोकं पाडून त्यांनी ती थरथर मोडली. १९६७ च्या त्यांच्या कॉस्मो स्पोर्ट गाडीत मात्र ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनचं सील बसलं. त्याच वर्षी एनएसयूची रो ८० बाजारात आली आणि तिची झिजलेली इंजिनं वॉरंटीत बदलून देताना कंपनी मेटाकुटीला आली.

आता आपल्या टेबलावरचं इंजिन. समजा, माझदाच्या आरएक्स-७ मधलं १३बी, टर्बोवालं. पहिला प्रश्न, आहे ते किती शाबूत आहे? सीलचा कॅटलॉग उघडण्याआधी हाउसिंग पुसून उजेडात धरा. क्रोमवरून नख फिरवा. स्पार्क प्लगच्या भोकांपाशी बारीक तडे दिसतात का, कडांना क्रोमचे पोपडे सुटलेत का, ते पाहा. मग नवं सील रोटरच्या खाचेत सरकवून बाजूनं फीलर गेज घाला. खाच रुंदावली असेल तर महागडं सीलही त्यात डुगडुगणार. पोपडे सुटलेल्या हाउसिंगवर सिरॅमिक सील बसवणं म्हणजे तर पैसे पाण्यात. ते सील हलकं असतं, फार कमी झिजतं. १९९१ ला ल मॉन्सची शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बी मध्येही सिरॅमिक सीलंच होती. पण त्याला पृष्ठभाग निर्दोष लागतो आणि किंमतही तशीच मोजावी लागते.

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो : बिघडलंच, तर सील कसं बिघडेल? कारखान्याचं सील बिडाचं, टोक खास कडक केलेलं. ते क्रोमशी चांगलं जमवून घेतं, पण टर्बोचा दाब वाढवला आणि इंजिन ठोकायला लागलं की त्याचा तुकडा उडतो. तो तुकडा हाउसिंगला ओरबाडतो, एक्झॉस्टमधून बाहेर पडताना टर्बोच्या पात्यांवर आदळतो आणि एका सीलपायी दोन मोठ्या वस्तू जातात. बाहेरची नरम पोलादी सीलं तुटण्याऐवजी वाकतात. कॉम्प्रेशन जातं, पण हाउसिंग वाचण्याची शक्यता राहते. त्या बदल्यात काही सीलं क्रोमवर जास्त घासतात. म्हणून रस्त्यावरच्या, मूळ दाबावर चालणाऱ्या गाडीला मी कारखान्याचंच सील सुचवीन आणि वाचलेले पैसे पेट्रोलचा पुरवठा व इग्निशन नीट जुळवून घेण्यात घालायला सांगेन. दाब बराच वाढवणार असाल, तर पोलादी.

जाडीचाही मोह होतो. जुनी १३बी इंजिनं ३ मिलिमीटरची सीलं वापरत, १९८६ पासून २ मिलिमीटरची आली. जाड सील बसवायला रोटरची खाच कापून रुंद करावी लागते, आणि कापलेली खाच पुन्हा भरता येत नाही. खाच झिजली असेल तरच हा मार्ग धरावा. विशेष म्हणजे २०२३ मध्ये माझदानं एमएक्स-३० साठी जे नवं एका रोटरचं इंजिन आणलं, त्यात सील २.५ मिलिमीटरचं केलं.

कोणतंही सील घ्या, स्प्रिंगा त्याच्याबरोबर नव्या घ्या. उष्णतेनं जुन्यांचा ताण गेलेला असतो. आणि सीलला तेल पुरवणारा मीटरिंग पंप काढून टाकला असेल, तर पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोकचं तेल मिसळल्याशिवाय चावी फिरवू नका.