रमजानचा महिना आणि त्यामागचा इतिहास

रमजान हा हिजरी पंचांगातला नववा महिना. इ.स. ६१० मध्ये मक्केजवळच्या हिरा गुहेत मुहम्मद पैगंबरांवर कुरआनच्या पहिल्या आयती उतरल्या, त्या याच महिन्यात. रोजे मात्र तेव्हा सुरू झाले नाहीत. ते फर्ज (बंधनकारक) ठरले चौदा वर्षांनी, मदिनेत, हिजरी सन २ म्हणजे इ.स. ६२४ मध्ये. आधी ग्रंथ आला, मग उपवास, हा क्रम विसरता कामा नये. कुरआनच्या दुसऱ्या सूरेत रमजानची ओळखच 'कुरआन उतरला तो महिना' अशी करून दिली आहे आणि त्याच आयतीत पुढे रोज्यांची आज्ञा येते. रमजानचे सोने करायचे तर भुकेतहानेच्या हिशेबापेक्षा जास्त लक्ष या ग्रंथाकडे जायला हवे.

परभणीसारख्या शेतीच्या जिल्ह्यात रमजान कोणत्या हंगामात येतो, यावर बरेच काही अवलंबून असते. हिजरी महिन्यांप्रमाणे मराठी महिनेही चंद्रावरच चालतात, पण साधारण दर तीन वर्षांनी अधिक महिना धरून ते ऋतूंशी जुळवले जातात. इस्लामपूर्व अरबांतही असे महिने पुढेमागे करण्याची रीत होती. कुरआनच्या नवव्या सूरेने ती बंद केली. त्यामुळे हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचेच राहते, रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. २०१८ साली अधिक ज्येष्ठ आणि रमजान जवळजवळ बरोबरच, मेच्या मध्याला लागले. त्या दिवसांत परभणीचा पारा चाळिशीपार असतो आणि रोजा चौदा तासांहून मोठा. २०३० साली हाच महिना जानेवारीच्या थंडीत येईल आणि डिसेंबरअखेर पुन्हा लागेल. तेव्हाचा रोजा जेमतेम सव्वाबारा तासांचा असेल. वेळेच्या बाबतीत हयगय चालत नाही. परभणीचा सूर्य मुंबईच्या सुमारे पाव तास आधी आणि हैदराबादच्या पाच-दहा मिनिटे नंतर मावळतो. म्हणून हैदराबादची अजान मोबाइलवर ऐकून परभणीत खजूर तोंडात टाकला, तर दिवसभराचा रोजा वाया जातो. मशिदीचे छापील वेळापत्रक भिंतीवर लावण्याचे कारण हेच.

रोजे फर्ज झाले त्याच पहिल्या रमजानमध्ये, १७ तारखेला, बद्रची लढाई झाली. मदिनेहून निघालेले तीनशेच्या वर लोक, त्यांच्याजवळ सत्तर उंट आणि दोन-तीन घोडे. समोर मक्केची हजाराच्या आसपास फौज. विजयाची कथा सगळ्यांना पाठ असते, तिच्यानंतरचे मात्र फारसे सांगितले जात नाही. कैद्यांपैकी ज्यांना लिहिता-वाचता येत होते, पण खंडणी देणे शक्य नव्हते, त्यांनी मदिनेतल्या दहा-दहा मुलांना अक्षरओळख करून द्यावी आणि सुटून जावे, असे ठरल्याचे जुने चरित्रकार नोंदवतात. शत्रूच्या हातून मुलांना शिकवून घेणारा हा पहिला रमजान होता. महिन्याच्या कार्यक्रमात मुलांच्या शिक्षणाला जागा देणाऱ्या मशिदी व मदरसे ही परंपरा चालवतात, आणि तिची जागा इफ्तारच्या पंगतीइतकीच मोठी असायला हवी.

हिजरी सन ८ च्या रमजानमध्ये, म्हणजे इ.स. ६३० च्या जानेवारीत, पैगंबर मोठे सैन्य घेऊन मक्केकडे निघाले. निघताना रोजा होता. वाटेत कदीद या पाणवठ्यापाशी त्यांनी तो सोडला आणि लोकांनीही सोडला. सवलत घेणे म्हणजे ईमान कमी पडणे नव्हे, हे त्यांनी स्वतःच्या वागण्यातून दाखवले. आजारी, प्रवासी, गर्भवती, अंगावर पाजणारी आई यांना शरीयतने मोकळीक दिली आहे. इन्सुलिन घेणाऱ्या वृद्धाने डॉक्टरांना न विचारता हट्टाने रोजा धरणे ही जास्तीची इबादत ठरत नाही. दिलेली सवलत नाकारणे ठरते.

तरावीह या रमजानमधल्या रात्रीच्या नमाजलाही इतिहास आहे. पैगंबरांनी काही रात्री ती जमातीने पढली आणि मग थांबवली, कारण ती लोकांवर फर्ज होऊन बसेल अशी त्यांना भीती वाटली. पुढे दुसरे खलिफा हजरत उमर यांनी मशिदीत विखरून पढणाऱ्यांना उबई इब्न काब यांच्या मागे एकत्र उभे केले. हनफी मशिदींत वीस रकात होतात, अहले हदीस मशिदींत आठ. हाफिज, म्हणजे कुरआन पाठ असलेला माणूस, रोज थोडे थोडे करत त्याचे तीस पारे (भाग) पूर्ण करतो. काही ठिकाणी पाच-सहा दिवसांत खत्म उरकून बाकीच्या रात्री बाजाराला मोकळ्या ठेवण्याची प्रथा पडली आहे, ती खेदाची आहे. हाफिजची गती इतकी असते की अरबी जाणणाऱ्यालाही शब्द कळू नयेत. रात्री जो पारा पढला जाणार, त्याचा अर्थ दुपारी मराठीत किंवा उर्दूत वाचून ठेवावा, हा त्यावरचा साधा उपाय. मराठीत कुरआनचे संपूर्ण अनुवाद आहेत, विनोबांचे 'कुराण-सार' आहे. पैगंबरांचा काळ समजून घ्यायला साने गुरुजींचे 'इस्लामी संस्कृती'ही हाती घेता येते.

शेवटच्या दहा रात्रींतल्या विषम रात्रींत शबे कद्र ही रात्र शोधायची असते. हजार महिन्यांहून श्रेष्ठ असे तिचे वर्णन ९७व्या सूरेत आहे. याच दहा दिवसांत एतेकाफला, म्हणजे मशिदीत मुक्कामी इबादतीला, बसलेले लोक मशिदीबाहेर पडत नाहीत. आणि नेमक्या याच रात्री कपडे, चपला, बांगड्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. ईदची खरेदी रमजानआधीच्या शाबानमध्येच उरकली, तर घरातल्या बायकांनाही या रात्री मिळतात. एरवी त्यांच्या या रात्री खरेदीत आणि चुलीपुढे जातात.

मराठवाड्यात ही इबादत रुजवण्यात सूफींचा वाटा मोठा. खुलताबादला १३३७ मध्ये वारलेले बुरहानुद्दीन गरीब हे दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य. निजामुद्दीन जवळजवळ वर्षभर रोजे धरत. पहाटे सहेरीला समोर आलेले ताट ते बहुधा तसेच परत पाठवत. मशिदींच्या आणि दुकानांच्या कोपऱ्यांत उपाशी झोपलेल्यांची आठवण आली की घास घशाखाली उतरत नाही, असे ते सांगत. परभणीत शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्यावर उरुसाला सर्व धर्मांचे लोक जमतात, ते याच परंपरेच्या ओढीने.

उपाशी माणसाच्या या आठवणीचे व्यवहारातले रूप म्हणजे जकात. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी हा निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची मर्यादा. तेवढी शिल्लक एक चांद्रवर्ष टिकली, तर तिचा चाळिसावा भाग, म्हणजे लाखाला अडीच हजार द्यायचे. नवव्या सूरेत जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. शेतकरी कर्जाने खचतात अशा जिल्ह्यात या एका हक्काकडे जास्त लक्ष जायला हवे. शेतमालावर उश्र असतो : पावसावर पिकलेल्या मालाचा दहावा भाग, पाणी देऊन पिकवलेल्याचा विसावा. जिंतूरच्या कोरडवाहू रानाला आणि जायकवाडीच्या कालव्यावरच्या मळ्याला सारखे मोजलेले नाही, कारण पाण्याला पडणारा खर्च आणि कष्ट धरलेले आहेत. भारतातल्या जमिनींना उश्र लागतो की नाही, यावर उलेमांत मतभेद आहेत. उश्र सुगीला द्यायचा असतो, रमजानची वाट पाहायची नसते.

फितरा, म्हणजे ईदआधीचे दान, घरातल्या प्रत्येकामागे, तान्ह्या बाळामागेही द्यावा लागतो. गव्हाच्या हिशेबाने तो पावणेदोन ते दोन किलोंच्या किमतीइतका होतो. खजूर किंवा मनुकांच्या हिशेबाने दुप्पट वजनाचा आणि कितीतरी महाग. ऐपतदारांनी गव्हाचा दर धरून मोकळे होऊ नये. तो ईदच्या नमाजआधी पोचला पाहिजे. चार-सहा दिवस आधी पोचला तर त्या घरी शेवया, दूध आणि सुका मेवा वेळेवर येतो. सुटलेले रोजे पुढच्या रमजानपर्यंत भरून काढायचे असतात आणि रमजाननंतरच्या शव्वालमधले सहा नफल (ऐच्छिक) रोजे ईदच्या दुसऱ्या दिवसापासून धरता येतात.