डाव्या हाताची कमाई

डॉल्फ शेज याचा जन्म १९२८ सालीं न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांत, रुमानियांतून आलेल्या एका ज्यू कुटुंबांत झाला. वीस वर्षांचा असतांना, १९४८ सालीं, तो सिराक्यूज नॅशनल्स या धंदेवाईक बास्केटबॉल संघांत दाखल झाला. पुढें खेळतांना त्याचा उजवा हात मोडला. ज्या हातावर चरितार्थ, तोच प्लास्टरमध्यें अडकला! दुसरा एखादा घरीं बसला असता. शेज मात्र तसाच क्रीडांगणावर उतरला आणि डाव्या हातानें चेंडू टाकण्यास शिकला. हाड सांधलें, प्लास्टर निघालें, पण डाव्या हाताची विद्या कायम राहिली. तो कोणत्या हातानें चेंडू टाकील, हें प्रतिपक्षास आतां उमगेना.

सरावाच्या वेळीं तो नेहमींच्या कड्यांत मुद्दाम लहान कडें बसवी. मग सामन्यांतलें कडें ऐसपैस भासे. १९५५ सालीं त्याच्या संघानें अजिंक्यपद मिळविलें. १९५२ ते १९६१ या काळांत तो लागोपाठ ७०६ सामने खेळला. १९६४ सालीं तो निवृत्त झाला आणि २०१५ सालीं त्याचें निधन झालें.

संकट कोणास चुकत नाहीं. परंतु शेजच्या घरीं आलेलें संकट जातांना एक जादा हात देऊन गेलें.