जॉब उलटा बसला, तर चूक फिक्स्चरची



अध्यक्ष म्हणून तुम्ही एखाद्या विद्वानाला बोलावलं नाहीत, टूल रूममधून निवृत्त झालेल्या माणसाला बोलावलंत, त्याबद्दल आभार. मी जन्मभर जिग-फिक्स्चरची ड्रॉइंगं काढली. शहराचं ड्रॉइंग कधी काढलं नाही. पण ज्येष्ठांना सोयीचं शहर हा परिषदेचा विषय वाचला आणि वाटलं, या कामाची निम्मी विद्या आपल्या पिंपरी-चाकणच्या कारखानदारी पट्ट्यात केव्हाचीच आहे. ती कंपनीच्या गेटबाहेर तेवढी पडलेली नाही.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, त्याच सुमारास टेल्को आली, बजाज आली. सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेशातून आयटीआय झालेली पोरं ट्रंक घेऊन उतरली. १९७० साली पिंपरी-चिंचवड नगरपालिका, १९७२ साली नवनगर प्राधिकरण, १९८२ साली महापालिका. २०११ च्या जनगणनेत शहर सव्वासतरा लाखांवर गेलं होतं. या सगळ्या काळात शहराची मापं घेतली गेली ती पंचविशीतल्या पोराच्या अंगावर. ते पोर आज पंच्याहत्तरीत आहे आणि कपडे तेच आहेत.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचं सांगतो. हयातभर ग्राइंडरवर काम केलेला माणूस. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला गेला, तर मशीनवर त्याचा अंगठा उमटेना. पुसून पाहिला, क्रीम लावून पाहिलं, दहाही बोटं लावून पाहिली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आजोबा, तुमच्या बोटांतच प्रॉब्लेम आहे." प्रॉब्लेम बोटांत नव्हता. वर्षानुवर्षं कूलंट, धातूची बर आणि एमरी यांनी रेषा झिजवल्या होत्या, उरलेलं काम वयानं केलं. ज्या श्रमाची पेन्शन घ्यायला तो आला होता, त्या श्रमानंच त्याची ओळख पुसली होती. ईपीएस-९५ या पेन्शन योजनेची २०१४ मध्ये ठरलेली किमान पेन्शन महिना १,००० रुपये. तेवढ्यासाठी त्याच्या तीन खेपा झाल्या.

आता आपल्या विद्येकडे येतो. पोका-योके हा शब्द या सभागृहात कुणाला समजावून सांगायला नको. चुकीला वावच राहू नये, जॉब उलटा बसूच नये म्हणून आपण लोकेटिंग पिन एका बाजूला सरकवतो. मात्र या शब्दाचं आधीचं नाव बाका-योके होतं, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. जपानीत बाका म्हणजे मूर्ख. साठच्या दशकात एका कारखान्यात हे नाव ऐकून एक कामगार मुलगी रडू लागली, मी काय मूर्ख आहे का, म्हणाली. ही हकिकत जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी सांगितली आहे. त्यांनी नाव बदलून पोका-योके केलं. पोका म्हणजे नजरचूक, जी कुणाच्याही हातून होते. जॉब उलटा बसला तर ऑपरेटरला शिव्या द्यायच्या नाहीत, फिक्स्चर तपासायचं, हे आपण तिथून शिकलो. गेटबाहेर मात्र आपण अजून बाका-योकेवरच आहोत. म्हाताऱ्या माणसाला ॲप चालवता आलं नाही, की दोष म्हाताऱ्याचा.

दोष कुठे असतो ते मोजून पाहू. रस्ता ओलांडणारा माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, असं धरून सिग्नल लावण्याची पद्धत आहे. समजा रस्ता २४ मीटर रुंद आहे, म्हणजे २० सेकंद. गुडघे गेलेली आजी सेकंदाला ०.८ मीटर चालते. तिला ३० सेकंद लागतात. उरलेले दहा सेकंद ती जुन्या पुणे-मुंबई रस्त्यावर हॉर्न ऐकत चालत असते. सिंगापूरनं २००९ पासून यावर उपाय केला. ज्येष्ठांनी आपलं सवलतीचं कार्ड सिग्नलच्या खांबाला लावलं, की हिरवा दिवा काही सेकंद जास्त टिकतो. कार्ड-रीडर आणि टायमर. यातली कोणती गोष्ट भोसरीत बनू शकत नाही?

घरांचंही तसंच. संत तुकारामनगर, यमुनानगर, प्राधिकरण, इथल्या तीन-चार मजली बिनलिफ्टच्या इमारतींत आमची पिढी हप्ते भरून राहायला गेली. तेव्हा वरचा मजला म्हणजे हवा-उजेड होता. आज तिथली म्हातारी बाई महिना महिना खाली उतरत नाही, दूध-भाजी दोरीला पिशवी बांधून वर ओढते. उताराला एकास बारा, पायरीला १५० मिलिमीटर, ही मापं सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेली आहेत. कारखान्यात शंभर मायक्रॉनसाठी आपण लॉट परत पाठवतो आणि फुटपाथची कड एक फूट उंच निघाली तर ओलांडून पुढे जातो.

प्रेस शॉपमधल्या माणसांचे कान आधी वरच्या पट्टीला जातात. आवाज येतो, शब्द कळत नाही. त्यांना फोनवर 'एक दाबा, दोन दाबा' ऐकवणं म्हणजे थट्टाच. म्हणून महापालिकेनं २०१३ साली सुरू केलेल्या 'सारथी' हेल्पलाइनचं मला मोल वाटतं. पलीकडे माणूस असतो, त्याला "जरा सावकाश बोल बाळा" म्हणता येतं. हयातीच्या दाखल्यालाही २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली. अंगठ्याला दुसरी वाट मिळाली, ही खरी सुधारणा. पण त्यासाठी स्मार्टफोन लागतो. ज्याच्याकडे तो नाही त्याच्यासाठी तिसरी वाट हवी, आणि ती काउंटरवर बसलेल्या माणसाकडूनच जाईल.

चाकणबद्दल दोन शब्द. महाळुंगे, खराबवाडी, कुरुळीच्या खोल्यांत आज कंत्राटी पोरं एकेका खोलीत चार-पाच राहतात. नाशिक रस्त्याच्या कडेनं कंटेनर चुकवत ती पाळीला जातात. आमच्या पिढीला निदान कायम नोकरी होती, ग्रॅच्युइटी होती. ही पोरं साठीला येतील तेव्हा हातात काय असेल, हे कुणीच मोजत नाही. पिंपरीत जी चूक दुरुस्त करायला आज फोडाफोड करावी लागते आहे, ती चाकणला ड्रॉइंगवरच थांबवता येईल. तिथले कितीतरी रस्ते, वसाहती अजून कागदावर आहेत. फुटपाथ आत्ता आखा, लिफ्टचा खड्डा आत्ता सोडा.

शेवटी एक काम सांगतो. आपल्या प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात चौकटी असतात: काढले कोणी, तपासले कोणी, मंजूर केले कोणी. त्यात एक चौकट वाढवा, 'वापरून पाहिले'. सिग्नल असो, ॲप असो, जिना असो, सत्तरी ओलांडलेल्या माणसानं वापरून पाहिल्याशिवाय ते पुढे जाता कामा नये. पुढच्या वर्षी या परिषदेला येताना प्रत्येकानं असं एक ड्रॉइंग आणावं, त्या चौकटीत एखाद्या निवृत्त कामगाराची सही घेऊन. सही करताना हात थरथरत असेल, तर अंगठा घ्या. शाईनं कागदावर तो अजून उमटतो.